‘व्हॉक्स बलेनाए’ बसवताना: चेलोची लावणी (ट्यूनिंग) आणि बाकीच्या अडचणी

मंद्र: अमेरिकन संगीतकार जॉर्ज क्रम्बची ‘व्हॉक्स बलेनाए’ (१९७१) ही रचना बसवतोय. फ्लूट, चेलो, पियानो, तिन्हींना माइक. सुरांची तयारी आहे, पण चेलोची लावणी टिकत नाही आणि सीगलऐवजी (चेलोवर काढायच्या समुद्रपक्ष्याच्या ओरडण्यासारख्या आवाजाऐवजी) नुसती घसरण ऐकू येते. पियानोच्या आतल्या कामात, म्हणजे थेट तारांवर वाजवताना, काय सांभाळायचं?

गजकर: चेलोची लावणी नेहमीच्या सी-जी-डी-ए ऐवजी बी, एफ शार्प, डी शार्प, ए. म्हणजे खालच्या दोन तारा अर्ध्या सुराने उतरवायच्या, डी तेवढीच चढवायची. उतरवलेली तार हळूहळू वर सरकते, चढवलेली खाली येते. त्यामुळे ऐनवेळी लावलेला चेलो बिघडणारच. शेवटच्या तालमींपासून याच लावणीत ठेवा, कार्यक्रमातल्या बाकी रचनांना दुसरा चेलो घ्या. ब्रिज (तारांखालची घोडी) झुकला नाही ना, तेही बघा.
सीगलसाठी अंगठा आणि बोट यांतलं अंतर घसरताना तसूभरही बदलायचं नाही. पेगांकडे (तारा ताणायच्या खुंट्यांकडे) जाताना हात सवयीने फाकतो, घोळ तिथेच. अंतर तेच ठेवलं की पेगांकडे सरकताना स्वरांतर लहान होत जातं, हार्मोनिक (तारेला बोट नुसतं टेकवून निघणारा बारीक स्वर) पुन्हा पुन्हा वर उडी मारतो आणि ती किंकाळी तयार होते. वरचं बोट तारेला फक्त टेकलेलं हवं.

मंद्र: गज कुठे?

गजकर: ब्रिजकडे, पण दाब न देता.

काळी_पांढरी: पियानोच्या लोखंडी चौकटीचे दांडे मॉडेलगणिक वेगळ्या जागी असतात. सरावात पाठ झालेली जागा सभागृहात नेमकी दांड्याखाली निघते, म्हणून तालीम त्याच पियानोवर मागून घ्या. तारांच्या खुणा डॅम्परच्या (तारेचा आवाज थांबवणाऱ्या गादीच्या) माथ्यावर, सहज निघणाऱ्या चिकटपट्टीच्या. तारांवर काहीही चिकटवू नका. तारांवर वापरायच्या छिन्नीची धार आधी घासून बोथट करा, नाहीतर खर्जाच्या तारांवरचं तांबं खरवडलं जाईल. तारांवरच वापरायच्या काचेच्या कांडीचं टोक गोल हवं. हात कोरडे ठेवा, घामाने तारा गंजतात. आणि ट्यूनरला आधीच सांगा, नंतरची भांडणं महाग पडतात!

फुंकर: सुरुवातीच्या ‘व्होकलीझ’ या भागात फ्लूट वाजवता वाजवता गायचंय, त्यामुळे दम नेहमीपेक्षा लवकर संपतो, श्वासाच्या जागा नव्याने ठरवा. माइक ओठांसमोर नको, फुंकर फटफटते. थोडा वर, बाजूला लावा. अखेरची स्वराकृती शेवटच्या वेळी आवाज न काढता फक्त मूकाभिनयाने करायची असते, तेव्हा माइकवाल्याने घाबरून आवाज वाढवू नये.
या रचनेत वादकांनी घालायच्या काळ्या अर्ध्या मुखवट्याने खालचं दिसत नाही, पियानोवाल्याला जास्त त्रास, तालमीपासूनच घाला. मंचावरच्या निळ्या उजेडात स्वरलिपीवरच्या निळ्या पेन्सिलच्या खुणा गायब होतात. लाल किंवा काळीच वापरा.