नोटिशीतलं ‘मिथ्याछाप’ म्हणजे भेसळच काय?

(तीन गावचे लोक बोलतात, बोलणाऱ्याच्या जागी गावाचं नाव)

आर्वी : आमच्या इकडच्या एका डेअरीवाल्याला अन्न व औषध प्रशासनाची नोटीस आली, त्यात पनीर ‘कमी दर्जाचे व मिथ्याछाप’ असं लिहिलंय. गावात सगळे भेसळ भेसळ म्हणून राहिले. हे सारं एकच हाय का भाऊ?

दर्यापूर : नाही दादा, फरक मोठा हाय. 1954 च्या जुन्या कायद्यात दुधाला फॅट कमी लागली तरी ते भेसळीतच धरायचे. 2006 चा अन्न सुरक्षा व मानके कायदा 5 ऑगस्ट 2011 पासून लागू झाला, त्यात वेगवेगळे खाने पाडले. कमी दर्जा म्हणजे मानकात बसत नाही पण खायला असुरक्षितही नाही, दंड 5 लाखांपर्यंत. मिथ्याछाप म्हणजे पुड्यावरचं नाव नाहीतर माहिती खोटी, 3 लाखांपर्यंत. असुरक्षित निघालं तर मात्र फौजदारी. आता पनीरात पाणी सोडून जे उरतं त्यात निदान 50 टक्के दुधाची फॅट पाहिजे, पामतेल घालून केलेला माल पनीर म्हणून विकला तर मानकातही बसत नाही अन् नावही खोटं, म्हणून दोन्ही शब्द सोबत येतात.

पुसद : अर्थ पटला, पण शब्द नाही पटला. ‘मिथ्याछाप’ आमच्या आईला काय समजणार, सरळ ‘खोटं लेबल’ लिहा ना! अन् मला ‘भेसळ’ शब्दाचाच राग येते. दुधात युरिया टाकणाराही भेसळवाला, अन् उन्हाळ्यात हिरवा चारा नाही, गाय तापते, फॅट उतरते, तर तो शेतकरीही संकलन केंद्रावर चारचौघांत भेसळवालाच. पाणी मारलं तर पाणी मारलं म्हणा, फॅट कमी लागली तर तसं म्हणा, पण सगळ्यांना एका शब्दात नका कोंबू, त्यानं गरिबाची इज्जत जाते अन् युरियावाल्याचं पाप लहान दिसते.

आर्वी : बरोबर बोलले ताई. अन् रिपोर्ट मान्य नसला तं?

दर्यापूर : नमुन्याचे चार भाग करतात, सगळा एकाच लॅबला नाही जात. रिपोर्ट भेटल्यापासून 30 दिवसांत पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अपील करता येते. डेअरीवाल्यानं रिपोर्ट भेटल्याची तारीख आजच पाहून घ्यावी.