मदत हवी आहे: प्लासिबो (औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी) घेणाऱ्या गटाला मान्यता देताना कोणत्या अटी घालाव्यात?

मी एका एथिक्स कमिटीवर (माणसांवरच्या चाचण्यांना मंजुरी देणारी समिती) बिगर-वैद्यकीय सदस्य आहे. मध्यम नैराश्यावरच्या नव्या औषधाची चाचणी मंजुरीला आलीय. एका गटाला ८ आठवडे नुसत्या प्लासिबो गोळ्या, तेही गुणकारी औषधं उपलब्ध असताना. प्रोटोकॉल (चाचणीचा आराखडा) गोपनीय आहे, जास्त तपशील देता येणार नाही.

२०२४ मध्ये सुधारलेला हेलसिंकी जाहीरनामा (माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाची जागतिक नीतितत्त्वं) वाचला. गंभीर किंवा कायमची हानी होणार नसेल आणि शास्त्रीय कारण भक्कम असेल, तर प्लासिबो चालतो. संशोधकांचं कारण असं: नैराश्यात प्लासिबोनेही बऱ्याच जणांना बरं वाटतं, त्यामुळे फक्त जुन्या औषधाशी तुलना करून नव्याचा गुण सिद्ध होत नाही. हे पटतं. संमतीपत्र मात्र पटत नाही! ‘मोफत उपचार’ पहिल्याच पानावर ठळक, प्लासिबो पार शेवटी.

(१९९० च्या दशकातला गर्भवतींना प्लासिबो दिलेल्या एचआयव्हीवरच्या औषध-चाचण्यांचा वाद माहीत आहे, तिथे बाळांना संसर्गाचा धोका होता, तो दाखला इथे तोकडा पडतो.)

आत्महत्येचे विचार असलेल्यांना आधीच वगळलंय. बाकीच्यांचं काय? त्रास किती वाढला की प्लासिबो थांबवून औषध सुरू करायचं, ही मर्यादा तुमच्या कमिटीने कोणत्या मोजपट्टीवर ठरवली, आणि निर्णय संशोधकाकडे ठेवला की बाहेरच्या डॉक्टरकडे?