मदत हवी आहे: सासऱ्यांना पार्किन्सन, दुपारी पाय चिकटतात, पुढच्या महिन्यात नातीचं लग्न

नमस्कार. आम्ही खानापूर तालुक्यातले. सासरे, म्हणजे आमचे मामा, वय ७१, सरकारी मराठी शाळेतनं हेडमास्तर म्हणून रिटायर झाले, पार्किन्सन कळून ६ वर्षं झाली. डॉक्टर बेळगावात आहेत, चांगले आहेत, पण नंबर लागून आत गेलं की दहा मिनिटांत घरातलं सगळं सांगून होत नाही, म्हणून इथं विचारतेय. ज्यांच्या घरात हा पेशंट आहे त्यांनी प्लीज वाचा.

लेव्होडोपा-कार्बिडोपाची गोळी दिवसातनं ४ वेळा आहे, ७, ११, ३ आणि ७. सकाळची गोळी लागू पडली की मामा अंगणात फेऱ्या मारतात, पेपर वाचतात, दूधवाल्याचा हिशेब बघतात. अडीच वाजले की हळूहळू उतरायला लागतं. चेहरा गप्प होतो, डावा हात थरथरतो आणि मधल्या दाराच्या उंबऱ्यात पाय जमिनीला चिकटल्यागत होतात. मागनं कुणी "चला की मामा, काय करुलालाय" म्हटलं की आणखीच अडकतात. ३ ची गोळी घेतली तरी चार वाजेपर्यंत तसंच. आणि पाहुणे म्हणतात, आत्ता सकाळी तर बरे चालत होते. हे ऐकून मामांना फार लागतं हो. ते मुद्दाम करत नाहीत, औषध उतरलं की शरीर ऐकतच नाही, हे किती जणांना सांगायचं?

आता माझी शंका जेवणावर आहे. डॉक्टरांनी सांगितलंय गोळी जेवणाआधी अर्धा तास तरी घ्या, आणि जेवल्यावर असेल तर तासभर सोडून, कारण डाळ, दूध, अंडी, मासे यांतलं प्रोटीन गोळीच्या आड येतं. पण आमच्याकडं जेवण दीड वाजता, आमटी भात, वर वाटीभर दही, कधी अंडं. म्हणजे तासभर सोडलं तरी ३ ची गोळी भरल्या पोटावरच जाते. आठ दिवस झाले दुपारी भाकरी, भाजी, भात आणि नुसतं आमटीचं पाणी देतेय, दही-अंडं रात्रीवर ढकललंय. थोडा फरक वाटतोय, पण आठ दिवसांवरनं काय सांगणार. प्रोटीन एकदम बंद करायचं नाही हे माहीत आहे, आधीच वजन उतरलंय. तुमच्याकडं दुपारचं ताट कसं असतं? रक्तवाढीची गोळी चालू असेल तर तीही या गोळीबरोबर देऊ नका, आम्हाला ते वर्षभरानं कळलं.

उंबऱ्याचं एक सांगते, कुणाला उपयोग होईल. व्यायाम शिकवायला जो फिजिओथेरपीचा मुलगा येतो त्याला मराठी कमीच येते. मामा दारात अडकले की तो बाजूला उभा राहून टाळी वाजवत "ओंदु, एरडु, मूरु" मोजतो आणि मामांचा पाय उचलतो! मी मराठीत मोजलं तरी चालतं, पण ठेका पाहिजे, घाई नको. आता आम्ही उंबऱ्याअलीकडं जमिनीवर पांढऱ्या पट्ट्या चिकटवल्यात, प्रत्येक पट्टी ओलांडून पाऊल टाकायचं. ओढून न्यायचं नाही, तोल जातो. रात्री कूस बदलता येत नव्हती, तर आत्तींची, म्हणजे सासूबाईंची, जुनी सुळसुळीत नायलॉनची साडी कमरेखाली घातलीय, अंग सहज फिरतं. फक्त उठताना घसरू नये म्हणून पाय टेकतात तिथं ती येऊ द्यायची नाही.

एक चूक आमच्याकडनं झाली ती सांगायलाच पाहिजे. पावसाळ्यात उलट्या होत होत्या म्हणून जवळच्या दवाखान्यात नेलं, तिथं मेटोक्लोप्रामाइडचं इंजेक्शन दिलं, आम्हीही पार्किन्सन आहे हे सांगितलं नाही. दोन दिवस मामा लाकडासारखे, घोट गिळेनात. हे औषध मेंदूतल्या डोपामीनलाच, म्हणजे मामांची गोळी जे वाढवते त्यालाच, अडवतं, पार्किन्सनवाल्याला चालत नाही हे नंतर कळलं. आता त्यांच्या खिशात मराठीत आणि कन्नडमध्ये लिहिलेलं कार्ड असतं, आजार कुठला, गोळ्या किती वाजता आणि काय द्यायचं नाही. गावातल्या एकांनी खाजकुयलीची पावडर आणून दिली होती, तीही डॉक्टरांनी थांबवली, तिच्यात लेव्होडोपाच असतो म्हणे, वरनं किती गेला ते कळत नाही.

मागं वळून बघितलं की वाटतं आम्हाला आधी कळायला पाहिजे होतं. आमच्या घरी बासमती शिजायला लागला की मामा ओसरीवरनंच म्हणायचे, कुकर उतरा, झाला भात. निदानाच्या कितीतरी आधी ते म्हणायचं बंद झालं. वास येत नव्हता. आणि हिशेबाच्या वहीत ओळीची सुरवात टपोरी, शेवटाला अक्षर मुंगीएवढं. ज्या माणसानं पस्तीस वर्षं फळ्यावर पोरांना वळणदार अक्षर काढून दाखवलं त्याचं अक्षर असं बारीक होतंय आणि आम्ही म्हणत होतो चष्मा बदला.

आता मुख्य प्रश्न. पुढच्या महिन्यात नणंदेच्या मुलीचं लग्न आहे चंदगडला, मुहूर्त १२:४०. घरातल्या प्रत्येक लग्नात मामांनी मंगलाष्टकं म्हटलीत. आता आवाज इतका खाली गेलाय की शेजारी बसलेल्याला ऐकू येत नाही, पण त्यांना नातीच्या लग्नात एक कडवं म्हणायचंच आहे. रोज सकाळी ओसरीवर उभं राहून मोठ्यानं पेपर वाचायला लावते, आत्ती परसात उभ्या राहतात, त्यांना ऐकू आलं पाहिजे अशी अट. पाच-सहा ओळी खणखणीत येतात, मग श्वास पुरत नाही. आवाजासाठी स्पीच थेरपी बेळगावात कुणी घेतलीय का, की ऑनलाइन चालते?

दुसरं, ११ ची गोळी गाडीत रिकाम्या पोटी घेतली तर १२:४० ला अंगात जोर असेल, पण मुहूर्त पुढं गेला तर? लग्नात कधी वेळेवर होतं? गोळीची वेळ तेवढ्या दिवसापुरती मागं-पुढं करायची का हे डॉक्टरांना विचारणार आहे, २० तारखेला नंबर आहे. तोपर्यंत वहीत रोजचं लिहून ठेवतेय, गोळी किती वाजता, लागू किती वाजता, उतरली किती वाजता. अजून काय लिहून न्यावं?

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तसे आपल्या भागातले चार-पाच जण जरी असतील तरी आम्हाला भेटायचंय. मामांना आपल्यासारखा दुसरा माणूस अजून भेटलेलाच नाही.

मी रात्री नऊनंतर वाचते, उत्तराला उशीर झाला तर राग मानू नका.