मदत हवी आहे: २ इंच लिफ्ट केलेल्या हायलक्सला कुठली चाकं घासणार नाहीत?

मुळशी_फोरबायफोर

नमस्कार मंडळी. गाडी टोयोटा हायलक्स, २ इंच लिफ्ट (म्हणजे उंच केलेली): पुढे नवे स्ट्रट-स्प्रिंग, मागे नवे पाटे. सध्या कंपनीचेच अलॉय आणि २६५/६० आर १८ टायर (रुंदी मिमीत / बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, मग रिम इंचांत). २८५/७० आर १७ टाकायचा विचार आहे. नाना पेठेत १७ इंची, ९ इंच रुंद, शून्य ऑफसेटचा सेट मिळतोय. दुकानदार म्हणतो, "लिफ्ट केलीय ना, मग काही घासत नाही." हे खरं का? रोज कोथरूड ते हिंजवडी, सुट्टीला ताम्हिणी आणि मढे घाटाकडचे कच्चे रस्ते. बॉडी कापायची तयारी नाही.

पाना_एकोणीस

अर्धंच खरं. लिफ्टमुळे उभ्या गाडीत टायर आणि मडगार्डमधली फट वाढते. पण खड्ड्यात सस्पेन्शन पूर्ण दबलं की चाक जवळपास पूर्वीच्याच जागी वर जातं, कारण त्याला थांबवणारा रबरी ठोकळा, बंप स्टॉप, तोच आहे. आणि घासण्याची खरी जागा वर नसतेच. स्टेअरिंग पूर्ण वळवलं की टायरची एक कड पुढे बंपरच्या प्लास्टिक लायनरकडे जाते, दुसरी मागे केबिनच्या माउंटकडे. त्या आडव्या जागेत लिफ्ट काहीच भर घालत नाही.

आता तुमचा सेट. कंपनीची रिम ७.५ इंच, ऑफसेट +३०, म्हणजे हबला (चाक जिथे बसतं तो गाडीचा भाग) टेकणारी जागा रिमच्या मध्यापासून ३० मिमी बाहेरच्या बाजूला. हबला टेकते तिथून बाहेरची कड ६५ मिमी. ९ इंच आणि शून्य ऑफसेटला तीच कड ११४ मिमी, म्हणजे ४९ मिमी बाहेर. वर टायर रुंद झाला त्याचे १० धरा, जवळपास ६० मिमी. दाराची कडी बिजागरीपासून जितकी लांब तितकी तिची फेरी मोठी, तसंच चाकाचं. शिवाय व्हील बेअरिंगवर ताण, खड्ड्यात स्टेअरिंगला झटके, आणि पावसाळ्यात दारांवर चिखलाचा सडा.

उंची: सध्याचा टायर ७७५ मिमी, २८५/७० आर १७ होतो ८३१. त्रिज्या २८ मिमीने वाढली. न कापता हे बसवणं कठीण.

शाडू_आणि_खडू

वरचं बरोबर, एक दुरुस्ती. रिमची कड आणि टायरचा फुगवटा अशी बेरीज करू नका. टायरची मध्यरेषा ऑफसेटइतकीच सरकते: ३० मिमी. त्यात अर्धी वाढलेली रुंदी १०. एकूण ४० मिमीच्या आसपास. तरी जास्तच.

माझं मत: १७ इंच, ८ इंच रुंद, ऑफसेट +२०, टायर २६५/७० आर १७. उंची ८०३, त्रिज्येत फक्त १४ मिमी वाढ. टायर १० मिमी बाहेर जातो, तितकीच जागा आत सस्पेन्शनच्या वरच्या आर्मपाशी सुटते. स्पीडोचा काटा पूर्वी १०० दाखवायचा त्या वेगाला आता ९६-९७ दाखवेल. द्रुतगती मार्गावर लक्षात असू द्या. २८५/७० ला हाच फरक ७ टक्के.

पैसे देण्याआधी एकच चाक लावून तपासा. लायनरवर पुढे-मागे शाडूच्या गोळ्या चिकटवा (गणपतीतली उरलेली चालते!). एक पुढचं चाक उंच रॅम्पवर चढवा म्हणजे त्या बाजूचं सस्पेन्शन दबेल. मग स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. पूर्ण वळवून रिव्हर्सही घ्या. रिव्हर्समध्ये बुश दबून चाक जरा सरकतं, म्हणून पुढे जाताना न घासणारं मागे येताना घासतं. गोळी १० मिमीपेक्षा पातळ झाली तर तिथे जागा कमी आहे. चारचौघं आणि सामान भरूनही एकदा बघा. ब्रेक कॅलिपर आणि रिममध्ये निदान ३ मिमी हवेत.

आणि लिफ्टनंतर कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल) मोजून घेतला का? बरेच जण नुसता टो (चाकं सरळ रेषेपासून आत-बाहेर किती वळलेली) लावून गाडी सोडतात. लिफ्टने कॅस्टर घटतो. खालच्या आर्मच्या, फिरवून जुळवायच्या कॅम बोल्टने तो भरला की खालचा बॉल जॉइंट पुढे येतो आणि चाकही काही मिमी पुढे. मागची घासण बरेचदा एवढ्यानेच जाते, मात्र मग बंपरकडची फट पुन्हा बघायची.

मुळशी_फोरबायफोर

पटलं, ८ इंच +२० बघतो. तसा एक सेट आहे, ६ × १३९.७ पीसीडी (बोल्टांची संख्या × त्यांच्या वर्तुळाचा व्यास मिमीत), पण मधलं भोक ११० लिहिलंय. चालेल?

पाना_एकोणीस

हायलक्सचा हब १०६.१. त्यामुळे ११० ते १०६.१ ची हब रिंग लावा, नाहीतर चाक मध्यावर बसत नाही आणि ८०-९० ला स्टेअरिंग थरथरतं. भोक १०६ पेक्षा लहान असेल तर ती रिम सोडून द्या, लेथवर वाढवत बसू नका.

नट बघा. जुन्या अलॉयचे नट चपट्या बुडाचे असतील आणि नव्या रिमला ६० अंशांचे शंकूचे लागत असतील, तर जुने लावले की ढिले पडणारच. आटे एम १२ × १.५. मॅन्युअलमधल्या टॉर्कला, समोरासमोरच्या क्रमाने आवळा आणि १०० किमीनंतर पुन्हा तपासा.

शाडू_आणि_खडू

पाचवी रिम-टायर त्याच मापाची घ्या आणि स्टेपनीच्या जागेत बसते का बघा. एक चाक लहान ठेवून कोरड्या डांबरावर फोर-हाय (चारही चाकांना ताकद) लावलं तर पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर ताण येतो. कायद्याचंही: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ फेरफारांना लागू होतं, आणि मडगार्डबाहेर आलेला टायर नजरेत पहिला भरतो. विमा कंपनीला लेखी कळवून ठेवा.

मुळशी_फोरबायफोर

आभार. शनिवारी शाडू घेऊन जातो. दुकानदार एक चाक लावून बघू देत नसेल तर तो सेट नाही घेणार.