मदत हवी आहे: 'संगीत संशयकल्लोळ'साठी रेवती, गाणारी घ्यावी की बोलणारी?

नमस्कार मंडळी. सिंधुदुर्गातल्या एका लहान गावात आमचा हौशी नाट्यसंघ आहे. यंदा पहिल्यांदाच संगीत नाटक करायचं धाडस करतोय, देवलांचं 'संशयकल्लोळ'. आजवर मी पाच-सहा गद्य नाटकं बसवली आहेत. गाणं मला ऐकता येतं, शिकवता येत नाही. प्रयोगाला नऊ आठवडे आहेत आणि पात्रनिवडीतच गाडी अडली आहे.

हेच नाटक घेण्यामागे एक कारण आहे. ते मुळात 'फाल्गुनराव' नावाचं गद्य नाटक. पदं, म्हणजे नाटकातली गाणी, घालून त्याचं 'संगीत संशयकल्लोळ' झालं ते १९१६ साली. त्यामुळे पदं काढली तरी गोष्ट स्वतःच्या पायावर उभी राहते. फाल्गुनराव आणि कृत्तिका हे संशयी नवरा-बायको म्हणजे गद्य नटांनी पेलायच्या भूमिका. त्या दोघांची मला चिंता नाही. आमचा फाल्गुनराव पंधरा वर्षं आमच्याबरोबर काम करतोय आणि कृत्तिका करणाऱ्या ताई नुसत्या भुवईने संशय दाखवतात. गाण्याचा खरा भार आश्विनशेट आणि त्याची प्रेयसी रेवती यांच्यावर, आणि घोडं तिथेच अडलंय.

रेवतीसाठी अकरा मुली येऊन गेल्या. चाळणी होऊन दोघी उरल्या.

पहिली शास्त्रीय गायनात विशारद आहे. आवाज असा, की पदाचा मुखडा घेतला आणि हॉलच्या मागे खुर्च्या लावणारी पोरं हातातलं काम ठेवून उभी राहिली. पण ती गाते मांडी घालून, डोळे मिटून, उजवा हात गुडघ्यावर ठेवून. मी म्हटलं, आता उभी राहून आश्विनशेटकडे बघून म्हण. उभी राहिली, तर हाताचं काय करायचं तेच तिला कळेना. बोटं पदराशी चाळा करत राहिली, नजर पेटीवर. संवाद म्हणताना तर आवाज इतका खाली गेला की तिसऱ्या रांगेत मला ऐकू आला नाही. पद संपलं की ती रेवती राहतच नाही, मैफल संपलेली गायिका होते.

दुसरी एकांकिका स्पर्धांतून आलेली. गाणं शाळेत शिकली तेवढंच, बाकी ऐकून ऐकून. तिने आश्विनशेटशी भांडणाचा तुकडा केला. भांडता भांडता गळा दाटला, आणि पेटीची वाटही न बघता शेवटच्या वाक्यातूनच ती पदात शिरली. वाक्य कुठे संपलं आणि पद कुठे सुरू झालं ते मला कळलं नाही. अंगावर काटा आला. पण वरच्या षड्जाला, म्हणजे वरच्या 'सा'ला गेली की आवाज ताणला जातो, सूर खाली उतरतो. तीनदा म्हणायला लावलं, तिन्ही वेळा तेच.

आमच्यातले गाण्याचे जाणकार म्हणतात, संगीत नाटकात बेसूर रेवती चालणार नाही, लोक पदांसाठी येतात. नाटकवाले म्हणतात, दोन पदं कापा आणि दुसरीला घ्या. कोणीतरी असंही सुचवलं की पहिलीचं गाणं ध्वनिमुद्रित करून दुसरीने ओठ हलवावेत. ते मी करणार नाही. नटाने रंगमंचावर स्वतः गायचं, एवढं एक आमचं पक्कं आहे.

दुसरी अडचण पट्टीची, म्हणजे पेटीचा कुठला सूर 'सा' धरून गायचं त्याची. आश्विनशेट मिळालाय, बँकेत नोकरी करणारा तरुण, गोड गळ्याचा. तो पांढरी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीत गातो. मुली काळी चारमध्ये गातायत. एकाच प्रवेशात दोघांची पदं लागोपाठ आली की ऑर्गनवाले पट्टी बदलतील, पण एकाच सुरात लावलेल्या तबल्याचं काय?

आणि तिसरी गोष्ट. दशावतार हे आमच्याकडचं लोकनाट्य करणारे एक कलाकार आपण होऊन आलेत. पन्नाशीचे, आवाज खणखणीत, रंगमंचावर नुसते उभे राहिले तरी बघत राहावं असे. पण त्यांना लिखित संवादाची सवय नाही. मला म्हणाले, "माका चाल सांगा, शब्द मी बगतंय." देवलांचे शब्द मला बदलायचे नाहीत आणि या माणसाला परतही पाठवायचं नाही. त्यांना कुठली भूमिका द्यावी?

ज्यांनी संगीत नाटकं बसवली आहेत, त्यात कामं केली आहेत किंवा साथ केली आहे, त्यांनी कृपया लिहा. रविवारपर्यंत मला निर्णय कळवायचा आहे.

पायपेटीवाला:
ताई, तीसेक वर्षं संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करतोय. आधी एक विचारतो. दुसरी मुलगी काळी चारमध्ये का गात होती? तिची ती पट्टी आहे, की पहिली गाऊन गेल्यावर पेटीवर तीच पट्टी चालू राहिली?

हौशी मंडळींच्या निवडीत हे फार होतं. सगळ्यांना एकाच पट्टीत ऐकतात आणि ज्याची ती पट्टी नाही तो बेसूर ठरतो. आधी तिला नुसतं बोलायला लावा, रागावून, मोठ्याने. बोलताना आवाज जिथे मोकळा लागतो त्याच्या आसपास षड्ज शोधा. मग हळूहळू वर न्या आणि गळा कुठे आवळतो ते बघा. पट्टी नटाची असते, पेटीची नसते. ध्वनिमुद्रिकेतल्या गायिकेची तर नसतेच नसते.

ती पांढरी चारला सुखात गात असेल तर तुमचं दुसरं कोडंही सुटेल. आश्विनशेट पांढरी एकचा, म्हणजे त्याचा मध्यम ('म') तोच हिचा षड्ज. त्याचं पद संपवताना मी मध्यमावर रेंगाळलो की तिला तिचा सा आपोआप कानात मिळतो, वेगळा सूर द्यावा लागत नाही. तबलजींना दोन तबले लावून ठेवायला सांगा, टिपेचा पांढरी एकला आणि मोठ्या तोंडाचा पांढरी चारला. डग्गा एकच पुरतो. संवाद चालू असताना तबला बदलला तर प्रेक्षकांना पत्ता लागत नाही. फक्त कुठल्या वाक्यावर बदलायचा ते संहितेत लाल पेनाने लिहून घ्या.

गद्य_नटी:
मी पदांच्या नाटकांत कामं केली आहेत, पण बहुतेक पद नसलेल्या भूमिकांत. म्हणून शेजारी उभं राहून खूप ऐकलंय. समोरचा पाच मिनिटं गातो तेव्हा आपण काय करायचं हा संगीत नाटकातला सगळ्यात अवघड अभिनय आहे, आणि निवडीच्या वेळी तो कोणी तपासतच नाही.

तुमच्या दोघी मुलींना एकदा गाऊ नका म्हणावं. आश्विनशेटला पूर्ण पद म्हणू दे आणि या दोघींनी पाळीपाळीने नुसतं समोर उभं राहून ऐकायचं. तुम्ही फक्त त्यांच्याकडे बघा. जी रेवती म्हणून ऐकते ती रेवती. 'संशयकल्लोळ' चालतं कशावर? भोवळ आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतो, कृत्तिकेला भलतंच दिसतं, एक तसबीर भलत्या हातात सापडते. प्रत्येकजण अर्धवट बघतो, अर्धवट ऐकतो आणि त्यावरून मनात इमले रचतो. त्यात रेवतीच समोरच्याचं ऐकत नसेल, तर तिला आलेला राग प्रेक्षकाला खोटा वाटेल आणि मग पद कितीही सुरेल असलं तरी मध्येच कोणी रेडिओ लावल्यासारखं होईल.

पहिलीवर मात्र अन्याय करू नका. डोळे मिटून गाणं हा तिचा दोष नाही, तिला तसंच शिकवलंय. जुन्या मंडळ्यांत पोरं लहान वयात यायची आणि कंपनीतच वाढायची. गायक नट केशवराव भोसल्यांनी देवलांच्याच 'शारदा' नाटकात शारदा केली तेव्हा ते पोरवयातच होते. गाणं आणि उभं राहणं ती मुलं एकदमच शिकायची, रोज, वर्षानुवर्षं. आपल्याकडे ही दोन शिक्षणं आता वेगळ्या घरांत होतात आणि ती नऊ आठवड्यांत जुळवायचं काम दिग्दर्शकावर येतं.

विंगेतून:
दशावतारी काकांना भादव्या द्या! मालकाच्या संशयाने बेजार झालेला नोकर, टायमिंगवर चालणारं काम. पण संहिता हातात देऊन पाठ करा म्हणू नका. त्यांना प्रवेश वाचून दाखवा, ते ऐकून धरतील. दशावतारात प्रसंग आधी ठरलेला असतो आणि संवाद रंगमंचावर उभे राहतात, त्यामुळे कानाने धरायची त्यांची ताकद आपल्यापेक्षा कितीतरी जास्त असते. समोरच्याला ज्या वाक्यावरून पुढचं बोलायचंय, तेवढं शेवटचं वाक्य मात्र अक्षरशः देवलांचंच हवं, हे पहिल्या दिवशी सांगा. आमच्या फाल्गुनरावाला असा एक कलाकार रोज नवं वाक्य द्यायचा आणि बिचारा रोज नव्याने अडायचा.

आणि नांदी त्यांच्याकडून म्हणवून बघा. पडदा वर जाताना तो आवाज पहिला कानावर पडला पाहिजे.

पायपेटीवाला:
एक राहिलं. निवड उभ्याने करा आणि दमवून करा. हॉलला दोन फेऱ्या मारून या म्हणावं आणि लगेच पद. प्रयोगात रेवती विंगेतून धावत येऊन गाणार आहे, तंबोरा मांडीवर घेऊन बसणार नाही. दुसरीचं पद छोटं ठेवा, ताना काढून टाका, अंतरा एकदाच. सुरेल पाच मिनिटं आणि ओढाताण आठ मिनिटं यात कधीही पहिलं निवडा. आणि साथीदारांना पहिल्या आठवड्यापासून बोलवा. शेवटच्या चार दिवसांत ऑर्गन आणला की नट पेटीच्या मागे धावतात.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी दोघींना पुन्हा बोलावलं होतं. काय झालं ते सविस्तर लिहिते.

पायपेटीवाले काका, तुमचं म्हणणं अक्षरशः खरं निघालं. दुसरीला काळी चार मीच लावली होती. पहिली गाऊन गेली, पेटी तशीच होती, माझ्या डोक्यातच आलं नाही. काल तिला आधी नुसतं भांडायला लावलं, मग पांढरी चार दिली. हॉलच्या दोन फेऱ्या मारून, धापा टाकतच तिने पद घेतलं. वरचा षड्ज लागला. एकदा नाही, तिन्ही वेळा. या पोरीला मी बेसूर म्हणून नाकारणार होते, या विचाराने रात्री झोप लागली नाही.

मग ऐकण्याची परीक्षा. आश्विनशेट गात असताना पहिलीची बोटं मांडीवर ताल धरत होती आणि त्याने एक जागा चांगली घेतली तेव्हा तिने मान हलवून दाद दिली. गाणाऱ्याने गाणाऱ्याला द्यावी तशी. दुसरी त्याच्याकडे बघतच नव्हती. बघायचं टाळत होती, आणि ते टाळणं मागच्या भिंतीपर्यंत पोचत होतं. रेवती तीच करणार.

दशावतारी काकांना भादव्याचा प्रवेश दोनदा वाचून दाखवला. तिसऱ्या वेळी त्यांनी तो उभ्याने म्हटला, तीन ठिकाणी स्वतःचे शब्द, पण शेवटची वाक्यं जशीच्या तशी. नांदीही तेच म्हणतील.

पहिलीला फोनवर नाही सांगायचं जिवावर आलं, म्हणून आज सकाळी तिच्या घरी गेले. गाण्यात काही कमी नाही, पण रेवती दुसरीला देतेय, असं सरळ सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. डोळ्यांत पाणी होतं. मग म्हणाली, "ताई, मला गाताना बोलता येत नाही हे मलाही कळलं. मी तालमीला येऊन बसले तर चालेल का? तिला पदं मी सांगते, तिने मला उभं राहायला शिकवावं."

सोमवारी पहिली तालीम आहे. साथीला ऑर्गन पहिल्या दिवसापासून असेल. तिला मी ऑर्गनच्या शेजारची खुर्ची दिली आहे आणि एक संहिताही.