मामा-मामींना दादरला चालत चालत काय खायला घालू?

पार्ल्याची अनघा
नागपूरहून मामा-मामी येताहेत. "हॉटेलबिटेल नको, मुंबईची माणसं खातात ते खायला घाल," असं मामाने फोनवरच बजावलंय. दोघंही शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. मामीला शनिवारचा उपास आणि गुडघ्यांमुळे जिने नकोत, सपाट रस्त्यावर मात्र ती छान चालते. शनिवारी सकाळी नऊ ते एक एवढा वेळ आहे. दादरचा वडापाव, माटुंग्याचा डोसा, धोबीतलावला इराण्याकडचा ब्रून मस्का (कडक पाव आणि लोणी), सगळं एका सकाळी जमेल का?

दादरकर सुलभाताई
अनघा, सगळं एका सकाळी नको गं. निम्मा वेळ टॅक्सीत जाईल. दादर पश्चिम एवढंच धर आणि नीट कर. खाण्याइतकंच मधलं चालणं महत्त्वाचं, त्याशिवाय पुढच्या ठिकाणी भूक कुठून येणार?

स्टेशनला पश्चिमेला उतरा, फुलबाजारातून एक चक्कर मारा आणि 'मामा काणे' यांच्याकडे जा. १९१० पासूनचं उपाहारगृह आहे. मामांसाठी बटाटेवडा घे, पण एकच प्लेट, तुम्ही दोघांत. इथेच पोट भरलं तर पुढचं सगळं राहील.

मग प्लाझा सिनेमा, शिवाजी मंदिर नाट्यगृह बघत न. चिं. केळकर रस्त्याने सेनाभवनाकडे. तिथे गोखले रोडवर 'प्रकाश'. मामींची खरी चैन इथे आहे. साबुदाणावडा आला की लगेच तोडू नका, आतली वाफ जीभ भाजते. वरून कुरकुरीत हवा आणि फोडल्यावर आतला साबुदाणा काचेसारखा पारदर्शक दिसला पाहिजे, मध्येमध्ये दाण्याचं कूट दाताखाली यायला हवं. पांढरा कोरडा दाणा राहिला असेल तर साबुदाणा नीट भिजलाच नव्हता, हे घरीही लक्षात ठेव. मग पियुष. श्रीखंड ताकात घुसळायचं, वर जायफळ-वेलची. दाट असतं, घाईने संपवू नका. मला विचारशील तर अख्ख्या दादरमध्ये एकच गोष्ट खायची असेल, तर हा वडा आणि हे पियुष. शनिवारी गर्दी असते, अनोळखी माणसांबरोबर टेबल वाटून घ्यावं लागतं. मामांना आधी सांगून ठेव.

जवळच गडकरी चौकात 'आस्वाद'. २०१५ साली लंडनच्या फूडी हब पुरस्कारांत यांची मिसळ जगातली सर्वांत चविष्ट शाकाहारी डिश ठरली होती. नागपुरी तर्रीवर वाढलेल्या माणसाला ती सौम्य लागेल. मामांना म्हणावं, तिखट शोधू नका, रश्श्याची चव बघा.

मग शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर चांगला अर्धा तास बसा. घाई करू नका, मामींच्या गुडघ्यांनाही आराम. शेवटी कीर्ती कॉलेजच्या गल्लीतला वडापाव. चुरा घालूनच मागा. पीठ तेलात सुटून तळले जाणारे ते कुरकुरीत कण पावात हवेतच. मामींना चालवेना तर टॅक्सी करा, लांब नाही.

माटुंग्याचा राघव
सुलभाताईंचा क्रम झकास. ते रविवारी असतील तर माटुंग्याला नक्की आणा, दादरहून मध्य रेल्वेचं एकच स्टेशन. रामा नायकांकडे केळीच्या पानावर जेवण मिळतं, पण जिना चढावा लागतो, त्यामुळे मामींसाठी ते बाद. त्याऐवजी किंग्ज सर्कलजवळ कॅफे मद्रास. सुट्टीच्या दिवशी बाहेर रांग लागते, म्हणून सकाळी लवकर या. आणि कॉफी फिल्टरचीच घ्या.

धोबीतलाववाला
इराण्याचंही जमेल, फक्त वेगळ्या दिवशी. सेनाभवनाजवळ भूमिगत मेट्रोचं दादर स्थानक आहे, तिथून काळबादेवीला उतरून 'कयानी' या इराण्यापर्यंत चालत या. १९०४ पासूनचं दुकान, मेट्रो सिनेमासमोर. एक गोष्ट सांभाळा: मावा केकमध्ये अंडं असतं आणि ते बघून कळत नाही. मामा-मामींना ब्रून मस्का आणि चहाच द्या. ब्रून कडक असतो, दातांचा त्रास असेल तर चहात बुडवून खायला सांगा, नाहीतर सरळ बन मस्का मागवा.