विषय: 1967 ची जीटीओ गाडी, स्वतः दुरुस्त करायचा 'प्रोजेक्ट' म्हणून घेऊ का?

मकरंद (नोव्हाय)

नमस्कार मंडळी,

भाड्याच्या खोल्या, भारतात जाणाऱ्यांच्या बॅगेतली जागा आणि पोळ्या करून देणाऱ्या काकूंचा नंबर, यापलीकडचा विषय डेट्रॉइटकडच्या आपल्या मराठी मंडळींच्या या ईमेल यादीवर काढतोय. सांभाळून घ्या.

लपीअरच्या बाजूला एका शेतावरच्या बार्नमध्ये 1967 ची पॉन्टिअ‍ॅक जीटीओ विकायला आहे. दोन दारांची हार्डटॉप, छताच्या पत्र्यावर काळं व्हिनाइल चढवलेलं, आत मूळचं 400 चं (घन इंच) इंजिन आहे असं मालक म्हणतो. पंचवीसेक वर्षं हललेली नाही. जाहिरातीत ठरलेलं वाक्य आहेच: उभी केली तेव्हा चालू होती! वरून घेतलेले फोटो छान आहेत, खालून एकही नाही.

मी दिवसभर स्क्रीनवर गाड्यांचे सुटे भाग काढतो, हाताला ग्रीस लागून जमाना झाला. गॅरेज दोन गाड्यांचं आहे आणि हिवाळ्यात घरच्यांची गाडी बाहेर राहणार नाही, ही अट कबूल करून बसलोय. बघायला जाताना नेमकं काय बघू? यादीवर निम्मे लोक गाड्यांच्या धंद्यातले आहेत म्हणून विचारतो.

सुधीरकाका (ट्रॉय)

चि. मकरंद,

बॉनेट उघडायच्या आधी मागच्या काचेकडे जा. व्हिनाइलच्या छताखाली पाणी मुरतं आणि मागच्या काचेच्या खालच्या दोन कोपऱ्यांत साठतं. तिथे व्हिनाइल फुगलेलं दिसलं तर बोटाने दाबून बघ. कुरकुर आवाज आला की पत्रा गेला. तेच पाणी पुढे डिकीत उतरतं, म्हणून डिकीतलं मॅट उचल, स्टेपनी बाजूला कर आणि मालकाची परवानगी घेऊन स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघ. मग चाकांच्या मागचा खालचा पत्रा. तिथे साधं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून फिरव. चिकटलं नाही तर खाली पत्रा नाही, लांबी (पुट्टी) भरलेली आहे. मिशिगनच्या गाडीत ती हमखास सापडते, हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ पत्रा खातं. डेट्रॉइट शहराच्या खाली सुमारे 1,200 फुटांवर मिठाची खाण आहे हे तुला ठाऊक असेलच. ज्या शहराने जगाला गाड्या दिल्या, त्याच शहराच्या पोटात त्यांना खाणारं मीठ निघतं. दैवाची थट्टा म्हणायची.

जीटीओला बॉडीखाली वेगळी फ्रेम असते, फोर्डच्या मस्टँगसारखी बॉडीतच घडवलेली नाही. त्यामुळे खाली झोपून मागच्या चाकांच्या पलीकडची फ्रेम आणि बॉडी जिथे फ्रेमवर टेकते ते बोल्ट बघ. हे सगळं ठणठणीत असेल तर बाकी काहीही दुरुस्त होतं.

आता कागद. 1964 आणि 65 साली जीटीओ ही टेम्पेस्ट-लमाँ या पॉन्टिअ‍ॅकच्या मधल्या आकाराच्या गाड्यांवर मिळणारी ऑप्शन होती. मधल्या आकाराच्या गाडीत मोठं इंजिन घालायचं नाही असा जनरल मोटर्सचा स्वतःचाच नियम होता. पॉन्टिअ‍ॅकचा मुख्य इंजिनिअर डीलोरियन आणि मंडळींनी ऑप्शनच्या आडून 389 चं इंजिन आत घुसवलं. त्यामुळे त्या दोन वर्षांत नुसत्या व्हिआयएनवरून (गाडीच्या ओळख क्रमांकावरून) खरी जीटीओ ओळखू येत नाही. 66 पासून ती स्वतंत्र मॉडेल झाली, म्हणून तुझं काम सोपं आहे. ड्रायव्हरच्या दाराच्या बिजागरीच्या खांबावर व्हिआयएनची पट्टी असते. आकडा 242 ने सुरू झाला तर जीटीओ, 237 ने झाला तर लमाँ, मग वर कितीही बिल्ले चिकटवलेले असोत. पुढे 17 म्हणजे हार्डटॉप, मग वर्षाचा 7, आणि त्यापुढे पी असेल तर गाडी आपल्याच पॉन्टिअ‍ॅक गावात बनली. पीएचएस (पॉन्टिअ‍ॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस) म्हणून संस्था आहे, ती कंपनीच्या मूळ बिलाची प्रत देते. पैसे भर आणि मागव.

इंजिनाबद्दल मालकाच्या शब्दावर जाऊ नकोस. पॉन्टिअ‍ॅकची 326 पासून 455 पर्यंतची इंजिनं बाहेरून जवळजवळ सारखी दिसतात. 1964 मध्ये 'कार अँड ड्रायव्हर' मासिकाने जीटीओची चाचणी घेतली, तिचे आकडे वाचून देश थक्क झाला. त्या गाडीत 389 च्या जागी 421 होतं, हे जाहिरातीचं काम बघणाऱ्या जिम वँगर्सनी फार उशिरा कबूल केलं. गाडी तयार झाली होती रॉयल ओकच्या रॉयल पॉन्टिअ‍ॅक डीलरकडे, इथून हाकेच्या अंतरावर. मासिकवाल्यांना कळलं नाही, तर बार्नमध्ये टॉर्च घेऊन तुला काय कळणार? इंजिनाच्या मागे, प्लगना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरपाशी, ब्लॉकवर (इंजिनाच्या मुख्य धडावर) तारीख ओतलेली असते. एक अक्षर महिन्याचं, मग दिवस, शेवटचा आकडा वर्षाचा. घासून वाच.

– सुधीर

वैशाली (अ‍ॅन आर्बर)

काका, सगळं मान्य, पण तुम्ही त्याला गाडी कशी बघायची ते सांगितलंत. घ्यावी का, ते नाही.

मकरंद, मी 66 ची मस्टँग केली आहे, कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळचं वेल्डिंग शिकून. स्पष्ट सांगते. पूर्ण उघडून केलेल्या गाडीला हजार तास कुठेच जात नाहीत. मस्टँगमध्ये विंडशील्डसमोरच्या जाळीखालचा पत्रा सडतो. जाळीत तांब्याभर पाणी ओतायचं आणि डॅशबोर्डखाली डोकं घालून बघायचं, चेहऱ्यावर थेंब पडले की समजायचं. तो पत्रा बदलायला आधी फेंडर काढा, मग जुने स्पॉट वेल्ड (पत्रे जोडणारे वेल्डिंगचे ठिपके) शोधून एकेक ड्रिल करा, खालचा पत्रा न भोसकता. हाताच्या तळव्याएवढ्या भोकासाठी माझा अख्खा हिवाळा गेला. आणि मस्टँग ही सोपी गाडी! तिचा जवळजवळ प्रत्येक भाग नवा मिळतो, सबंध बॉडीसुद्धा.

पैसा इंजिनात जात नाही. तो पत्रा, रंग आणि क्रोममध्ये जातो. जीटीओचे बंपर बघ केवढे आहेत आणि क्रोमवाल्याकडून एकदा भाव घे, मग बोलू. म्हणून माझं मत: टेक्सस-अ‍ॅरिझोनाकडची, इंजिन नसलेली पण कोरड्या पत्र्याची गाडी इथल्या चालू गाडीपेक्षा स्वस्त पडते, वाहतुकीचा खर्च धरूनही. नाहीतर कुणीतरी करून दमलेली, पूर्ण झालेली गाडी घे. विकणाऱ्याचे ओतलेले पैसे क्वचितच वसूल होतात, त्याचा फायदा तुला. फक्त अर्धवट उघडून खोक्यांत भरलेली गाडी घेऊ नकोस. काय हरवलंय ते खुद्द मालकालाही ठाऊक नसतं.

आणि घरात लहान मुलं आहेत ना? जुन्या रंगात शिसं असतं, जुन्या ब्रेक शूजमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस. ब्रेकची धूळ कॉम्प्रेसरने उडवायची नाही, रंग घासताना साधा कापडी मास्क चालणार नाही.

प्रसाद (कँटन)

वैशालीताईंनी सगळा उत्साह घालवला! मकरंद, माझ्या घराजवळ हॅगर्टी रोडवर नॅशनल पार्ट्स डेपोचं, जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. गाडी घेतलीस तर आम्हाला रोज चहाला पाहुणा मिळेल. काका, मस्टँगला मसल कार (दणकट इंजिनाची वेगवान गाडी) म्हणायचं की नाही यावरून पुन्हा मागच्या पिकनिकसारखं सुरू करू नका.

मकरंद

काका, ताई, जाऊन आलो.

पट्टीवर 242177 आणि पुढे पी. म्हणजे जीटीओ खरी आणि पॉन्टिअ‍ॅकचीच. इथवर मी हवेत होतो. मागच्या काचेचा डावा कोपरा दाबला, कुरकुर झाली. डिकीत स्क्रू ड्रायव्हर टेकवला, जोर न लावता आरपार गेला, पत्रा पापडासारखा. उजव्या चाकामागे चुंबक चक्क घसरून पडलं. मालक ओशाळून म्हणाला, ते त्याच्या वडिलांनी केलेलं काम आहे. फ्रेम मात्र वरवरच्या गंजापलीकडे चांगली वाटली, दोन बॉडी बोल्ट सोडले तर.

इंजिनाच्या मागे हात घालून वायर ब्रशने घासलं. तारखेचा शेवटचा आकडा शून्य! म्हणजे ब्लॉक 1970 चा. मालकाला खरंच माहीत नव्हतं, त्याचा चेहरा पडला. इंजिन जाम नाही, स्पार्क प्लग काढून पान्याने फिरवलं तर फिरलं.

टायटल (मालकीचा कागद) मालकाच्या वडिलांच्या नावावर आहे, ते वारले. ब्रेकचा जुना डबल मास्टर सिलिंडर जागेवर आहे, ही आणखी एक जमेची बाजू सांगता येईल.

किंमत तो 'मूळ इंजिनाच्या' हिशेबाने मागतोय.

सुधीरकाका

मकरंद,

मूळ इंजिन नाही हे त्याच्यासमोर सिद्ध झालं, हे उत्तम झालं. आता खरी जीटीओ, चांगली फ्रेम, गेलेली डिकी, दुसरंच इंजिन अशी किंमत लाव. ती ऐकून त्याला राग आला पाहिजे, नाहीतर तू जास्त बोललास. बिल मागवल्याशिवाय आकडा तोंडातून काढू नकोस. मूळची चार गिअरची होती की ऑटोमॅटिक, यावर बरंच ठरतं. 67 ला ऑटोमॅटिक तीन गिअरचा टर्बो हायड्रामॅटिक होता, आधीच्या दोन गिअरच्या खोक्यापेक्षा शतपटीने बरा, त्यामुळे ऑटोमॅटिक निघाली तरी नाक मुरडू नकोस.

आणि टायटल त्याच्या स्वतःच्या नावावर झाल्याशिवाय एक डॉलर देऊ नकोस. वारसाचं काम त्याने करायचं, तू सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयात (टायटलची कामं इथे तिथेच होतात) त्याच्यासाठी रांगेत उभा राहायचं नाही.

वैशाली

काकांच्या आकड्याला मिळाली तर घे, मी विरोध मागे घेते. फ्रेम चांगली असेल तर डिकीचा नवा पत्रा मिळतो आणि ते वेल्डिंग मी शिकवेन. पण आधी मागच्या काचेभोवतीचं व्हिनाइल पूर्ण सोलून दाखवायला सांग. छताचा पत्रा गेला असेल तर ते काम तुझ्या-माझ्या हातचं नाही.

झाली गाडी तर विमा नेहमीच्या गाडीचा घेऊ नकोस, आधीच ठरलेल्या किमतीचा घे. हिस्टॉरिक प्लेटवर (जुन्या गाड्यांच्या खास नंबर प्लेटवर) एरवी मेळावे आणि परेडलाच नेता येते, पण ऑगस्टमध्ये रोज चालवता येते. वुडवर्ड ड्रीम क्रूझ, म्हणजे वुडवर्ड रस्त्यावरची जुन्या गाड्यांची फेरी, ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी असते, तेवढ्यासाठी घाई करून कच्चा रंग मारू नकोस. यंदाच्या नाही, पुढच्याही नाही, त्यानंतरच्या क्रूझचं बोल.

मकरंद

बिल आलं. ऑटोमॅटिक, वातानुकूलन, आणि मूळ रंग हिरवा! मालकाने व्हिनाइल सोलू दिलं. कोपरे गेलेत, पण छत शाबूत आहे. काकांच्या हिशेबाचा आकडा सांगितला. तो रागावला, आत गेला, बायकोशी बोलून बाहेर आला आणि टायटलचं काम झालं की फोन करतो म्हणाला.

प्रसाद, तुझा ट्रेलर किती वजन ओढतो? गाडीचे ब्रेक अजिबात लागत नाहीत, त्यामुळे विंच (गाडी वर ओढून घेणारं यंत्र) असलेला हवा.

प्रसाद

ट्रेलर ओढेल, विंच भाड्याने आणावा लागेल. पण गणपतीच्या आदल्या शनिवारी मागू नकोस, तो मखराच्या प्लायवूडसाठी मंडळाने आधीच घेतलाय. त्यानंतरचा रविवार चालेल, आणि चाकांत हवा भरायला पंप तू आण.